शाफ्टमधलं भोक कोण बुजवणार? (कमर्शियल केबलिंगचे नियम)

हां, नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली सगळ्यांचं एकच टुमणं, "दादा, कमर्शियल बिल्डिंगमध्ये केबल टाकायचे नियम एकदा सांगाच."

सांगतो, पटापट. वायरिंगसाठी आयएस ७३२ (आपलं भारतीय मानक) आणि नॅशनल इलेक्ट्रिकल कोड, आगीसाठी नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ चा भाग ४, आणि या सगळ्यांच्या वर सीईएचे, म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे, २०२३ चे सेफ्टी रेग्युलेशन्स. लोड काढा, डीरेटिंग लावा (केबल गरम जागेत किंवा गर्दीत असली की करंट कमी धरायचा), आर्मर्ड, म्हणजे स्टीलचं कवच असलेली, केबल वळवताना केबलच्या जाडीच्या बारापट तरी रेडियस ठेवा, दोन्ही टोकांना ग्लँड (केबल पॅनलला घट्ट धरणारी फिटिंग), आर्मर अर्थ करा. हे तुम्हाला येतंच, येत नसेल तर कृपा करून शाफ्टमध्ये हात घालू नका.

माझं डोकं फिरतं ते शाफ्टमधल्या, म्हणजे केबल वर नेणाऱ्या उभ्या डक्टमधल्या, भोकावरून. केबल एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाते तिथे स्लॅबला कटआउट असतो ना, तो. बिल्डिंग कोड सरळ सांगतो की इलेक्ट्रिकलचा शाफ्ट वेगळा, त्यात पाण्याचा, गॅसचा पाइप नाही, टेलिफोनची लाइन पण नाही, आणि प्रत्येक मजल्यावर तो सील करायचा, स्लॅब आगीला जेवढा वेळ टिकतो तेवढंच टिकणाऱ्या मटेरियलने. प्रत्येक मजल्यावर. फक्त तळमजल्यावर, इन्स्पेक्शनवाले बघतात तेवढाच नाही.

पुण्यात एका ऑफिस बिल्डिंगमध्ये मी दुसऱ्या मजल्यावर टॅप-ऑफ बॉक्सचे (मेन लाइनमधून मजल्याला सप्लाय काढतात तो डबा) लग, म्हणजे वायरच्या टोकाचे क्लिप, टाइट करत होतो, तर वरून तरंगत तरंगत वडापावचा कागद खांद्यावर. चटणीसकट! सातव्या मजल्यावर आमचाच पोरगा खात बसलेला. त्याला शिव्या दिल्या, पण नंतर डोक्यात आलं की अरे, हा कागद पाच स्लॅब पार करून खाली आलाय, म्हणजे इथला धूर वर जायला किती वेळ लागेल? शाफ्ट म्हणजे धुराडंच की ते. स्लॅब दोन तासांचा आणि त्यात फूट बाय दीड फुटाचं भोक, मग तो स्लॅब आगीसाठी कितीचा राहिला?

आता कमेंट येणार, आलीच आहे, "आम्ही एफआरएलएस टाकलीये, सील कशाला?" बाबा रे, एफआरएलएस म्हणजे आग सहज न पसरवणारी, कमी धुराची केबल, न जळणारी नाही. तिचा ऑक्सिजन इंडेक्स, म्हणजे जळत राहायला हवेत किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, किमान २९ टक्के लागतो आणि हवेत ऑक्सिजन २१, म्हणून एकटी वायर सहसा आपोआप विझते. पण ट्रेवर उभ्या तीस केबल एकमेकींना चिकटून तापल्या, खालून वारा ओढला गेला, की ते गणित वेगळं. आणि पीव्हीसीच ती, धूर कमी म्हणजे शून्य नव्हे.

दुसरे महाभाग म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन) फोमवाले. डबा हलवला, फुस्स केलं, फुगलं, झालं सील. तो पिवळा फोम स्वतः पेटतो हो! मी आधी शाफ्टमध्ये अगरबत्ती धरून बघायचो धूर कुठे ओढला जातोय ते. मग ब्राउन्स फेरीबद्दल वाचलं आणि बंद केलं. अमेरिकेत अलाबामामध्ये अणुवीज केंद्र आहे, २२ मार्च १९७५ ला तिथले कामगार केबलच्या भोकाचं सील गळतंय का ते मेणबत्ती धरून बघत होते, सीलमध्ये हाच पॉलियुरेथेन फोम, तो पेटला आणि १,६०० च्या वर केबल खराब झाल्या, आग सात-एक तास चालली. आता मी टिश्यू पेपरची पट्टी धरतो. हलली की गॅप आहे.

मग भरायचं काय? मिनरल वूलचा बोर्ड, त्यावर कोटिंग, आणि केबलच्या भोवती इन्ट्युमेसंट, म्हणजे तापल्यावर फुगणारं, सीलंट. इन्ट्युमेसंटच का, तर आगीत केबलचं इन्सुलेशन जळून जातं, तांबं उरतं आणि त्याच्या भोवती पोकळ जागा पडते. हे सीलंट तापलं की फुगून ती जागा दाबून टाकतं. सिमेंट फुगत नाही, पीओपी फुगत नाही, थर्माकोल तर (हो, थर्माकोल पाहिलंय मी) वितळून खालीच पडतो. दुकानदार "फायर रेटेड" फोम दाखवेल, तर टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यात केबल पेनिट्रेशन, म्हणजे केबल आरपार जाते त्या भोकाची टेस्ट, लिहिलंय का ते बघा, बऱ्याचदा नुसत्या भिंतीच्या फटीसाठीची टेस्ट असते.

एवढं सगळं करून निघालात की सहा महिन्यांनी इंटरनेटवाला येतो, स्क्रूड्रायव्हरने भोक पाडतो, फायबर ओढतो, गेला. मुळात त्याने त्या शाफ्टमध्ये यायचंच नाही, पण येतो. म्हणून किल्ली सिक्युरिटीकडे नको, मेंटेनन्सकडे ठेवा. आणि जिथे नव्या केबल सारख्या पडतात तिथे फायर पिलो भरा, उशीसारख्या काढता-घालता येतात.

राहिला पैशाचा प्रश्न. सिव्हिलवाला म्हणतो केबल तुमची, इलेक्ट्रिकलवाला म्हणतो स्लॅब तुमचा. बीओक्यूमध्ये (कामाच्या मोजमापाच्या यादीत) मजल्यागणिक ओपनिंगची साइज टाकून वेगळी लाइन घ्या आणि बंद करण्याआधी-नंतरचा फोटो बिलाला जोडायला लावा, मी आता तसंच करतो. आणि ते साडेतीन कोअर (न्यूट्रल बारीक) की चार कोअर (न्यूट्रल पूर्ण जाडीची) केबल विचारणारे, तुमचं पुढच्या रविवारी, कॉम्प्युटर आणि एलईडी किती आहेत ते मोजून ठेवा, न्यूट्रलवरूनच सुरुवात करणार आहे.