संदर्भ हवा!

(दृश्य: पांडवलेणीच्या पायऱ्या, सकाळची वेळ, खाली मुंबई-आग्रा हायवेचा आवाज)

नाशिकमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा, पांडवलेणीवर कितीदा गेलास, तर मोजदाद नसते. शाळेची सहल, मग कॉलेजला दांडी मारून, मग पोट सुटल्यावर डॉक्टरनं सांगितलं म्हणून. त्यामुळं लेणीचं आपल्याला सगळं माहितीये असं आपण धरून चालतो, आणि तिथंच लोचा होतो.

ही जी पायऱ्या चढतीये ना पाठीवर सॅक घेऊन, ती फावल्या वेळात मराठी विकिपीडियावर लिहिते. पैसे मिळत नाहीत, नाव होत नाही, तरी लिहिते. सुरुवात तिनं धूळपाटीवर केली. धूळपाटी म्हणजे कच्चं लिखाण करायची जागा, पूर्वी शाळेत पोरं पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायची त्यावरून आलेला शब्द, आणि खरं सांगायचं तर विकिपीडियावरचे दोन शब्द मला फार आवडतात, एक हा आणि दुसरा बॉटसाठीचा, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅमसाठीचा, सांगकाम्या.

तर तिनं लिहिलं, पांडव वनवासात इथं राहिले, लेणी त्यांनी खोदली. आजीनं सांगितलेलं, जसंच्या तसं. आणि एका जुन्या सदस्याला म्हणाली, जरा बघता का?

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, चर्चापान)

उत्तर आलं चर्चापानावर, म्हणजे लिहिणारे आपसात बोलतात त्या पानावर. "लिखाण छान. पांडवांचं कुठल्या पुस्तकात आहे ते द्या, नाहीतर आख्यायिका असा वेगळा विभाग करून तिकडं न्या. आणि लेणी क्रमांक ३ मधला शिलालेख कुठं गेला?"

"मला इतका राग आला ना," ती सांगते, "म्हटलं मी नाशिकची, हे कोण मला विचारणारे!"

हे म्हणजे पंचवटीतले एक रिटायर्ड मास्तर निघाले. आता ती त्यांना काका म्हणते.

पण राग ओसरल्यावर तिच्या डोक्यात तो शेवटचा प्रश्न राहिला, कारण २४ लेण्यांपैकी त्या तिसऱ्या लेण्यात ती पन्नासदा बसली होती, डबा खाल्ला होता, आणि भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं म्हणजे नुसती नक्षी समजली होती. मग १८८३ चं नाशिकचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, नेटवर स्कॅन केलेलं मिळालं, त्यात या लेण्यांवर पानंच्या पानं. तो शिलालेख गौतमी बलश्रीच्या दानाचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईच्या दानाचा. लेणं भिक्षूंना दिलं, नातवाच्या, पुळुमावीच्या राज्याचं १९ वं वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. सगळं दगडात. त्या म्हातारीनं तिथीसकट संदर्भ देऊन ठेवलाय आणि आपण म्हणतो आजी म्हणाली!

(दृश्य: काकांचं घर, स्टीलच्या कपात चहा)

काकाही काही सुटले नाहीत. एकदा त्यांनी गोदाघाटावरच्या लेखात एका पुस्तकातले तीन परिच्छेद उचलून टाकले, तर हिनं त्यांच्या चर्चापानावर सरळ लिहिलं, काका, हे कॉपी आहे, काढा. काकांचं म्हणणं, अगं लेखक माझा मित्र होता, तो काय कोर्टात जाणारे? पण लेखक गेल्यावरही आपल्याकडं ६० वर्षं कॉपीराइट असतो, आणि मैत्री ही काही परवानगी नव्हे. चार दिवस काका ऑनलाइन फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी तेच तीन परिच्छेद स्वतःच्या शब्दांत, खाली पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक, आणि संपादन सारांशात, म्हणजे काय बदललं ते थोडक्यात लिहायच्या चौकटीत, फक्त दोन शब्द, "बाई खूश?"

हे सगळं पानाच्या इतिहासात तसंच राहतं बरं का, कोणी काय लिहिलं, कोणी काय उडवलं, तारीख-वेळेसकट. भांडणंही होतात, एकानं बदलायचं दुसऱ्यानं उलटवायचं, दुपारभर. त्यात मला काही रस नाही, ती सोसायटीच्या मीटिंगमध्येही बघायला मिळतात.

(दृश्य: लेणी क्रमांक ३, व्हरांडा)

गेल्या रविवारी तिनं त्या शिलालेखाचा फोटो काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावर, चढवला, लेखात लावला, काकांना कळवलं. काकांचे गुडघे गेलेत, ते काही वर येऊ शकत नाहीत, तिला वाटलं होतं काहीतरी गोड बोलतील.

चर्चापानावर एकच ओळ आली. "फोटो हलला आहे, दुसरी ओळ वाचता येत नाही, परत काढावा."

म्हणून आज परत या पायऱ्या. यावेळी ट्रायपॉड आणलाय.