मसाल्याच्या डब्याचे रानातले भावंड

श्रोतेहो, नमस्कार. जिरे, धने, ओवा, बडीशेप आणि हिंग ही आपल्या मसाल्याच्या डब्यातली मंडळी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात एकाच घरची, म्हणजे चामर कुलातली आहेत. आजचे आपले रानगाजरही त्याच घरचे.

अमळनेरच्या माझ्या आत्याबाई एकदा भाद्रपदात आमच्याबरोबर काश्मीरला आल्या होत्या. श्रीनगरबाहेर रस्त्याच्या कडेला कमरेइतक्या उंच रोपांवर पांढऱ्या फुलांचे पसरट तुरे डोलत होते. मी पुस्तकाची पाने उलटीत असतानाच आत्याबाईंनी एक रोप उपटले, त्याचे पांढरट, बोटाएवढे, चिवट मूळ नाकाशी धरले आणि त्या म्हणाल्या, "हाई ते गाजर शे!" पुस्तक मी मुकाट्याने मिटले. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात चित्रे पुष्कळ काढून घेतात, वास मात्र कोणी शिकवत नाही, हे माझे जुनेच गाऱ्हाणे आहे.

घरी परतल्यावर आत्याबाईंच्या लोकरी शालीत वीसेक काटेरी फळे अडकलेली सापडली. त्यांनी ती दिवाळीनंतर परसात पेरली. बारीक चिरलेल्या पानांचा झुबका आला, पाने चुरगळली की गाजराचा वासही येई. पण तुरा काही आला नाही, आणि वैशाखात पारा 45 अंशांवर गेला तेव्हा तो झुबका वाळून गेला.

याचे कारण असे, की रानगाजर दोन वर्षे जगणारे आहे. पहिल्या वर्षी पाने आणि मूळ, मधल्या हिवाळ्यात कडक थंडी, आणि मग दुसऱ्या वर्षी फुले. पुन्हा सांगतो, थंडी नाही तर तुरा नाही. आपले लाल देशी गाजर एवढी थंडी मागत नाही, म्हणून त्याचे बी मैदानातही धरते.

तुऱ्याच्या मधोमध बहुधा एकच गर्द जांभळे फूल असते, आणि फळे धरली की तुरा घरट्यासारखा आत मिटतो. मात्र याच कुलातले हेमलॉक जहाल विषारी आहे, इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसाला दिलेले विष त्याचेच. रानगाजराचा दांडा केसाळ, हेमलॉकचा गुळगुळीत आणि जांभळ्या डागांचा. केसाळ ते रानगाजर, गुळगुळीत आणि डागाळ ते विष; शंका असेल तर हातही लावू नये.

युरोप, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियापासून काश्मीरपर्यंत हे रोप रानात आढळते, आणि युरोपातून ते अमेरिका व ऑस्ट्रेलियातही पोहोचले आहे. त्याच्या फळांवरचे काटे जनावरांच्या केसांत अडकून दूर जातात. अमळनेरपर्यंत त्यांना आत्याबाईंच्या शालीने आणले.