फर्नेस उगाच बंद पडत नाही

(ब्रॅम्प्टनमध्ये मराठी मंडळींपुढे केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी इथे ऑन्टारिओत बरीच वर्षं गॅस टेक्निशियन म्हणून काम करतोय आणि दर जानेवारीत आपल्या लोकांचे फोन येतात ना, त्यातला एक ठरलेला, की दादा फर्नेस (म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी) सारखा बंद पडतोय, तो एक स्विच असतो तो वायर लावून बायपास करता येतो असं यूट्यूबवर दाखवलंय, करू का? नका करू. आज मी मुख्यतः एवढंच सांगायला आलोय. फर्नेस बंद पडतो तो बहुतेक वेळा तुम्हाला वाचवायला.

आता हे नव्या फर्नेसचं हाय-एफिशियन्सी, म्हणजे कमी गॅसमध्ये जास्त उष्णता, प्रकरण काय ते बघू. जुन्या फर्नेसचा धूर गरमागरम चिमणीतून वर जायचा, म्हणजे 100 डॉलरच्या गॅसमधले 20 डॉलर किंवा जास्तच आकाशात. आणि गॅस जळला की पाणी तयार होतं, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, 16 ग्रॅम मिथेन जळला की 36 ग्रॅम पाणी, वाफ होऊन. त्या वाफेत उष्णता अडकलेली असते. नव्या फर्नेसमध्ये दुसरा एक हीट एक्स्चेंजर, म्हणजे धुरातली उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग, असतो, तिथे धूर साधारण 55 अंशांच्या खाली थंड होतो, भाताच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसं त्या वाफेचं पाणी होतं आणि ती उष्णता घरात येते. म्हणून गॅसमधली 95 टक्के आणि वर उष्णता घराच्या कामी येते. कॅनडात 2019 पासून घरगुती नव्या फर्नेसला किमान 95 ची अटच आहे.

पण धूर गार झाला म्हणजे तो आपणहून वर चढत नाही, त्याला छोट्या पंख्याने ढकलावं लागतं, म्हणून ते प्लॅस्टिकचे दोन पाइप भिंतीतून बाहेर काढलेले असतात, एकातून हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. पाइपला फर्नेसकडे उतार हवा, फुटाला पाव इंच, नाहीतर पाणी मध्येच साचतं. हे पाणी आम्लयुक्त असतं, ते ट्रॅपमधून, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण धूर अडवणाऱ्या वाकड्या भागातून, ड्रेनला जातं. आता बर्फाने बाहेरचं तोंड बुजलं किंवा ट्रॅप घाणीने तुंबला की हवेचा दाब बदलतो, तो दाब बघणारा प्रेशर स्विच लागत नाही आणि फर्नेस पेटतच नाही. तोच तो स्विच ज्याला तुम्ही वायर लावणार होतात! म्हणजे धूर बाहेर जायला वाट नाही आणि आपण आत जाळ पेटवायचा. वादळाच्या रात्री फर्नेस थांबला तर टॉर्च घेऊन बाहेर जा, पाइपांभोवतीचा बर्फ हाताने काढा, फावडं मारू नका, पाइप फुटतो.

फिल्टरचं पण तेच. मागच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांच्या एका बेसमेंटमध्ये गेलो होतो, पाच मुलं, फर्नेसला टेकवून भारतातून आणलेल्या बॅगा, रिटर्नच्या, म्हणजे घरातली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या जाळीवर ओले टॉवेल, आणि फिल्टर म्हणजे नुसतं राखाडी कांबळं. हवा मिळेना, आतलं तापमान वाढलं की लिमिट स्विच (जास्त तापल्यावर थांबवणारा) फर्नेस बंद करणार, थंड झालं की परत चालू, रात्रभर तेच. पोरं कोट घालून झोपत होती, मला खरंच वाईट वाटलं, कारण 1 इंची फिल्टर बदलायला 2 मिनिटं लागतात आणि घरमालकाने त्यांना तो कुठे असतो हेसुद्धा सांगितलं नव्हतं. दर महिन्याला काढून बघा, 3 महिन्यांच्या वर ठेवू नका. आणि फार दाट जाळीचा आणू नका, सगळ्या फर्नेसना तो झेपत नाही.

फिल्टर, बाहेरचे पाइप, आजूबाजूची अडगळ, हे तुमचं काम. गॅसची लाइन, बर्नर, व्हेंट (धूर बाहेर नेणारा मार्ग) बसवणं-दुरुस्त करणं हे लायसन्सवाल्याचं. ऑन्टारिओत फर्नेस बसवणारा टीएसएसएकडे (इथल्या गॅसच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे) रजिस्टर्ड हवा, ओळखीचा हँडीमॅन स्वस्तात करून देतो म्हणाला तरी नाही. आणि बसवण्याआधी त्याने घराचा हीट लॉस, म्हणजे घरातून किती उष्णता बाहेर जाते ते, मोजायला पाहिजे, जुना होता तेवढाच टाकतो म्हणाला तर दुसरा माणूस बघा, मोठा फर्नेस नुसता चालू-बंद होत राहतो.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. जुन्या घरात फर्नेस आणि पाण्याचा हीटर दोघांचा धूर एकाच चिमणीत जायचा. नवा फर्नेस भिंतीतून बाहेर गेला, हीटर एकटाच त्या मोठ्या गार चिमणीत राहिला. त्याच्या एकट्याच्या धुराने चिमणी तापत नाही, ओढ लागत नाही आणि धूर उलटा घरात येऊ शकतो. माझ्या एका नातेवाईकांकडे कॉन्ट्रॅक्टरने असंच सोडून दिलं होतं, चिमणीत लायनर, म्हणजे आतून घालायची अरुंद नळी, घातलाच नाही. आम्ही एक्झॉस्ट फॅन आणि ड्रायर चालू केले, हीटर काही मिनिटं चालू दिला आणि हीटरच्या वरच्या हूडपाशी, जिथून धूर चिमणीकडे जातो, उदबत्ती धरली, धूर आत ओढला जायला हवा तर तो आमच्या तोंडावर आला. त्याच दिवशी हीटर बंद केला.

अशा उलट्या आलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू असू शकतो. गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, फ्लू झालाय असं वाटतं. 2008 च्या डिसेंबरात इथून जवळच वूडस्टॉकला एका घरातले चौघंच्या चौघं गेले, गॅस फायरप्लेसचा एक्झॉस्ट चोंदला होता आणि घरात अलार्म नव्हता. त्यांच्या नावाने 2013 मध्ये ऑन्टारिओत कायदा झाला, झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म सक्तीचा.

आणि गॅसचा वास आलाच तर गावाकडची सवय इथे पूर्ण चालत नाही, तिकडचा सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साचतो, इथला नॅचरल गॅस हलका, वर जातो. वाल्व शोधत बसू नका, कुठलंही बटण दाबू नका, मुलांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून 911 ला फोन करा. आज घरी गेलात की सीओ अलार्म काढून त्याच्या मागची तारीख बघा, 7 ते 10 वर्षांत तो बाद होतो, बॅटरी नवी असली तरी.