सुई कुणाच्या हातात

बाळंतिणीची खोली. दुपट्यातलं बाळ तीन दिवसांचं. गावची आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, घड्याळ हातात धरून बाळाच्या पोटाकडे बघतेय. वर, खाली. वर, खाली. मिनिटाला 64. ती पुन्हा मोजते. साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर दुसऱ्यांदा मोजायचं असं तिला शिकवलंय.

तीस वर्षांपूर्वी गडचिरोलीच्या खेड्यांत हे श्वास मोजायला कुणी नव्हतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1993 ते 95 या काळात 39 गावांत नोंदी ठेवल्या. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 62 महिनाभरही जगत नव्हती. बरीचशी जंतुसंसर्गाने जायची. त्यावर औषध होतं, आणि तेही स्वस्त. पण औषध दवाखान्यात, बाळ घरात, आणि मध्ये सव्वा महिन्याचा उंबरठा.

मग औषधच घरी न्यायचं ठरलं. गावातल्याच, चार बुकं शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. वजन करणं, ऊब देणं, दूध नीट पाजायला शिकवणं, याला कुणाची हरकत असणार? प्रश्न होता सुईचा. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली की, घरच्यांच्या संमतीने, या बायका तान्ह्या बाळाला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देऊ लागल्या. डॉक्टर नाही, नर्सही नाही, शेजारची बाई!

पूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे 17 दगावायची. आता तीन. हजारामागे 62 चा आकडा तिसऱ्या वर्षी साडेपंचवीसवर आला. डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास छापला.

देशाच्या कार्यक्रमात घरोघरच्या भेटी यायला 2011 उजाडलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झालं तर सात. सगळ्या झाल्या की आशाला 250 रुपये. भेटीमागे चाळीसेक रुपये. पावसाळ्यात नाला ओलांडून जायचं असलं तरी तेवढेच.

धोरणाने भेटी उचलल्या, सुई मात्र मागे ठेवली. 2014 मध्ये जेंटामायसिनची मुभा मिळाली ती एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सला, काही ठरावीक परिस्थितीत. म्हणजे जिच्यामुळे हे सिद्ध झालं, तिच्यावरचा भरवसा तेवढा वगळला.

दुसऱ्यांदा मोजून होतं. 66. आशाताईच्या पिशवीत तापमापक आहे, वजनकाटा आहे, उबदार कापड आहे. ती मोबाइल घेऊन अंगणात जाते. रेंज तिथेच येते.