गोदरेजचं एकच कपाट

नमस्कार मंडळी. समोर सातपूर-अंबडचे कारखानदार बसलेत, निफाड-दिंडोरीचे द्राक्ष बागायतदार बसलेत आणि मागच्या रांगेत आमच्या कोर्टातले तरुण वकीलही दिसताहेत. मला विषय दिलाय, जिल्ह्याच्या ठिकाणी चालणारी लॉ फर्म. मुंबईत कंपन्यांचे वकील निराळे आणि घरच्या वाटण्यांचे निराळे. आमच्या नाशिकच्या सीबीएस बस स्थानकाजवळच्या ऑफिसात सकाळी जो माणूस सप्लायचा करार दाखवायला येतो, तोच संध्याकाळी आईच्या मृत्युपत्राचं विचारतो. सुरुवातीला मला हे मागासलेपण वाटायचं. आता वाटत नाही, कारण नाशिकमध्ये घराचे आणि धंद्याचे कागद गोदरेजच्या एकाच कपाटात असतात आणि भांडणंही तिथूनच निघतात.

आधी चेकचं सांगते, बरेच जण त्यासाठीच आलेत. द्राक्षाचा सौदा बागेतच होतो, गाड्या भरून जातात, थोडे पैसे रोख आणि बाकीचा चेक. चेक परत येतो. व्यापारी फोनवर म्हणतो, "दादा, आठ दिवस थांबा." एक बागायतदार असे आठ-आठ दिवस करत पाच महिने थांबले. चेक कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली. न वटलेल्या चेकसाठी कायद्यात जे कलम 138 आहे, त्यात दिवस मोजलेले आहेत. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला 15 दिवस, आणि ते संपले की एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण देऊन कोर्टाकडून माफ करून घेता येतो, नोटिशीचा उशीर मात्र माफ होत नाही. ते चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत आले असते तर तोच चेक पुन्हा बँकेत भरता आला असता आणि नोटिशीचे दिवस नव्यानं मोजता आले असते. पाचव्या महिन्यात त्यांच्या हाती उरला तो दिवाणी दावा. त्याला तीन वर्षांची मुदत असते, आणि निकालाला किती वर्षं लागतात ते तुम्ही जाणता. व्यापाऱ्याला थांबायला जरूर द्या, पण नोटीस पाठवून मग थांबा.

लघुउद्योजकांनाही तेच सांगते. लघुउद्योग म्हणून सरकारकडे उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानं मोठ्या कंपनीला तुमचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. हा हक्क वापरायला लोक घाबरतात, ऑर्डर बंद होईल म्हणून. ती भीती खरी आहे. म्हणून व्याजाचं कलम पहिल्या ऑर्डरच्या वेळीच करारात लिहून घ्यावं. तेव्हा ते कुणाला टोचत नाही.

आता त्या कपाटाच्या खालच्या खणाकडे येते. एमआयडीसीतला प्लॉट वडिलांच्या नावावर, 95 वर्षांच्या लीजवर. शेडमधला धंदा वडील आणि दोन मुलांच्या भागीदारीत. वडील जातात. भागीदारीचा कायदा 1932 चा आहे. डीडमध्ये, म्हणजे भागीदारीच्या करारात, वेगळं ठरवलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूनं फर्म विसर्जित होते. फर्मची नोंदणीच नसेल तर करारापोटी थकलेल्या पैशांसाठी गिऱ्हाइकावर दावाही लावता येत नाही. आणि प्लॉटला वारसांची नावं लावायची म्हटलं की जळगावला दिलेल्या बहिणीची आठवण होते.

बहिणीचा हक्क 2005 ला आला, असं सगळे धरून चालतात. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं मिळणारा हक्क देशभर आला तो हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं, खरं आहे. त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. पण वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगी 1956 पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत दोन भाऊ माझ्याकडे आले. "मॅडम, ताई रक्षाबंधनाला येणारच आहे, तेव्हाच हक्कसोडपत्र उरकून टाकू." मी मसुदा केला, ताईंनी सही केली, दस्त रीतसर नोंदला. कागदात एक चूक नव्हती. सात वर्षांनी, नवरा गेल्यावर, त्या एकट्याच माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी नेमकं काय सोडलं, तेवढं सांगाल का?" मला उत्तर देता आलं नाही. ज्या कामात मी भावांची वकील होते, त्याच कामात त्यांच्या विरुद्ध बाजूला सल्ला देता येत नाही. वकिलांचा नियमच तसा आहे आणि तो योग्य आहे. मी त्यांना दुसऱ्या वकिलांचं नाव लिहून दिलं. त्या कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होत्या, आणि हे नाव मी सात वर्षांपूर्वीच द्यायला हवं होतं, एवढंच मला दिसत होतं.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात हक्कसोडपत्र एका बैठकीत होत नाही. आम्ही भावांचे वकील असलो तर बहिणीला मसुदा आठवडाभर आधी मराठीत, मिळकतीच्या किमतीसकट देतो आणि तिचा वकील वेगळा असावा असा आग्रह धरतो. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. काही भाऊ यावर चिडतात आणि फाइल उचलून दुसरीकडे जातात. कारखान्याचं कामही सोबत जातं. मागच्या दिवाळीआधी असंच एक जुनं अशील गेलं, बारा वर्षांचं. त्यांच्या बहिणीनं मात्र तो मसुदा ठेवून घेतलाय. सही अजून केलेली नाही.