अ‍ॅब्लेशननंतरचे तीन महिने
(साताऱ्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, एएफसाठी, म्हणजे अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय बिघडवणाऱ्या आजारासाठी, अ‍ॅब्लेशन करून घ्यायला आपल्याकडची बहुतेक माणसं पुण्या-मुंबईला जातात. एक-दोन दिवसांत डिस्चार्ज मिळतो, खंबाटकी ओलांडून माणूस घरी येतो, आणि मग डॉक्टर तिकडे नि पेशंट इकडे अशी अवस्था होते. खरं बरं होणं याच काळात घडतं, आणि नेमकं त्याच काळाबद्दल घरात कुणाला काही ठाऊक नसतं. म्हणून आज बोलायचं ते फक्त या काळाबद्दल.

आत काय केलंय ते आधी थोडक्यात बघू. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे कर्णिका, नीट आकुंचन पावत नाहीत. मिनिटाला ३५० ते ६०० वेळा नुसत्या थरथरतात. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथे डॉ. मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्ण तपासले. हा गोंधळ सुरू करणाऱ्या ६९ जागा त्यांना सापडल्या आणि त्यातल्या ९४ टक्के फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये होत्या. तेव्हापासून उपचाराची दिशाच बदलली. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या वर नेतात, दोन कर्णिकांमधल्या पडद्याला छिद्र पाडून डावीकडे जातात आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती व्रणाचं कडं तयार करतात. कुणी उष्णता वापरतं, कुणी गोठवतं, अलीकडे विजेचे अगदी क्षणिक झटके देतात. कडं पूर्ण झालं की शिरेतला चुकीचा संदेश कर्णिकेपर्यंत पोहोचत नाही. यालाच अ‍ॅब्लेशन म्हणतात.

पहिला आठवडा जांघेचा. तिथे काळंनिळं पडतं, ते मांडीवर खाली उतरतं, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते. याला घाबरू नका. पण पाच किलोच्या वरचं काही उचलायचं नाही. गॅसची टाकी नाही, पाण्याची भरलेली बादली नाही, नातवंडालाही उचलून घ्यायचं नाही. त्याला मांडीवर बसवा. उकिडवं बसल्याने जांघेवर ताण येतो, म्हणून काही दिवस कमोडची खुर्ची वापरा. बायकांना हे मुद्दाम सांगतो. चार दिवसांत त्या ओट्यापाशी उभ्या राहतात, आठव्या दिवशी दळणाचा डबा उचलतात, आणि घरात कुणी त्यांना अडवत नाही. अडवा! जांघेतून रक्त यायला लागलं तर लगेच आडवं व्हायचं, घरातल्या कुणीतरी तळहाताने दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. मध्येमध्ये हात काढून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर १०८ ला फोन. गाठ वाढत चालली किंवा पाय गार पडला, तरी तेच.

दीर्घ श्वास घेताना छातीत दुखणं, पायऱ्या चढताना दमणं, दुपारी गळून जाणं हे पहिले काही दिवस होतं. हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज असते, तिचं हे दुखणं. नाडीही पूर्वीपेक्षा जलद लागते. आधी ७० असेल तर ८०-८५ होते आणि काही महिने तशीच राहते. हृदयाचा वेग आवरणारे मज्जातंतू त्याच भागात असतात, त्यांनाही उपचाराचा धक्का बसलेला असतो. ठोके नियमित असतील तर या वेगाची काळजी नको.

आता ज्या गोष्टीने माणसं सगळ्यात जास्त खचतात ती. तिसऱ्या आठवड्यात रात्री अचानक छाती धडधडायला लागते, नाडी पुन्हा वेडीवाकडी लागते. "एवढा खर्च केला आणि फुकट गेला" असं वाटून माणूस रात्रभर छताकडे बघत बसतो. मंडळी, तव्याचा चटका बसला तर आधी लाल होतं, फोड येतो, मग खपली धरते आणि कातडी नीट व्हायला आठवडे जातात. कर्णिकेचंही तसंच आहे. व्रण ओला असतो, सूज असते, आणि सुजलेला भाग स्वतःच चुकीचे ठोके निर्माण करतो. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत एएफ आला तर त्यावरून उपचार फसला असं डॉक्टर ठरवत नाहीत. अशा वेळी ईसीजी काढून घ्या, डॉक्टरांना कळवा. गोळ्या बदलतात, कधी शॉक देऊन लय आणतात. मात्र चक्कर येऊन पडलात, बसल्याजागी दम लागला किंवा ठोके खूप जलद होऊन थांबेचनात, तर घरी वाट बघू नका. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायला घरातल्या एकाला तरी शिकवा. दिवसातून दोनदा पुरे. घड्याळातला आकडा दर पाच मिनिटांनी बघितला तर भीतीनेच नाडी वाढते.

पुढची गोष्ट दुर्मीळ आहे, हजारात एकालाही होत नाही, तरी मी ती प्रत्येकाला सांगतो. अन्ननलिका डाव्या कर्णिकेच्या अगदी मागे असते. उष्णतेची झळ तिला लागली तर एक ते आठ आठवड्यांनी तिथे भोक पडू शकतं. ताप, गिळताना दुखणं, छातीत दुखणं, रक्ताची उलटी, बोलताना जीभ अडखळणं किंवा हात लुळा पडणं ही त्याची लक्षणं. होतं असं, की महिन्याभराने ताप आला की माणूस जवळच्या दवाखान्यात जातो, तिथे कुणाला अ‍ॅब्लेशनचं माहीत नसतं, साथीचा ताप म्हणून औषध मिळतं आणि मोलाचे दिवस जातात. तेव्हा दोन महिने कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी पहिलं वाक्य हेच: "माझं अ‍ॅब्लेशन झालंय, अमुक तारखेला." अशा लक्षणांत घशातून दुर्बीण घालायची नसते. आत हवा गेली की ती थेट मेंदूपर्यंत पोहोचू शकते. आधी छातीचा सीटी स्कॅन करतात. आणि सुरुवातीला दिलेली आम्लपित्ताची गोळी बारीकसारीक समजून सोडू नका. ती याचसाठी असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर मी जरा जास्त बोलणार आहे. एएफमुळे पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट होतो, कारण थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साकळतं. अ‍ॅब्लेशननंतर ताज्या व्रणावरही गुठळी धरू शकते. म्हणून किमान दोन-तीन महिने ही गोळी सगळ्यांना. त्यानंतर ती चालू ठेवायची की थांबवायची, हे छाती धडधडते की नाही यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात, हृदयाचा अशक्तपणा यांचा हिशेब करून ठरतं. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना बहुधा ती कायमची. "आता मला मस्त वाटतंय" म्हणून गोळी बंद केलेली माणसं लकवा मारून दवाखान्यात आलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरच्यांचे चेहरे मला विसरता येत नाहीत.

संकष्टी, एकादशी आली की गोळ्या राहतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी रिव्हरॉक्साबान जेवणासोबत घ्यावी लागते, नाहीतर ती अंगात पुरेशी शोषली जात नाही. उपवास असेल तर पोटभर फराळाबरोबर घ्या, पण घ्याच. अ‍ॅपिक्साबान दिवसातून दोनदा असते, रात्रीची विसरते. झडपेच्या आजारामुळे एसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, वेळेवर करावी. मेथी-पालक बंद करू नये, रोजचं प्रमाण मात्र सारखं ठेवावं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणायची नाही, त्याने पोटात रक्तस्राव होतो. कंबरेत सुई टोचून घेण्याची आपल्याकडे फार हौस आहे. रक्त पातळ असताना त्या स्नायूत रक्ताचा गोळा तयार होतो. दात काढायचा असला तरी परस्पर गोळी बंद करू नका, आधी विचारा.

चालणं दुसऱ्या दिवसापासून, सपाटीवर. अजिंक्यताऱ्यावर रोज जाणाऱ्यांनी जांघ बरी झाल्यावर आधी पायथ्यापर्यंत जावं, आठ-पंधरा दिवस तेवढंच. मग डॉक्टरांना विचारून चढाला हात घालावा, बोलत बोलत चढता येईल इतक्याच वेगाने. वजनाबद्दल स्पष्ट बोलतो. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड इथल्या अभ्यासात, वजन दहा टक्क्यांहून अधिक घटवून टिकवणाऱ्यांमध्ये एएफशिवाय राहण्याची शक्यता सहापट आढळली. ऐंशी किलोच्या माणसाला हे आठ किलो झाले. दारूचंही तसंच. नियमित पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांवर ऑस्ट्रेलियातच झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. दारू सोडायला सांगितलेल्यांत ५३ टक्के जणांना एएफ परत आला, पीत राहिलेल्यांत ७३ टक्के जणांना. आणि जे जोरात घोरतात, झोपेत ज्यांचा श्वास अडकतो, त्यांनी झोपेची तपासणी करून घ्यावी. ते दुखणं तसंच ठेवलं तर अ‍ॅब्लेशनचा फायदा टिकत नाही.

एवढं सगळं पाळूनही काहींना तीन महिन्यांनंतर एएफ येत राहतो. तेव्हा होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावून तो किती आणि कसा आहे ते बघतात. बऱ्याचदा कड्यात कुठेतरी फट राहिलेली असते आणि दुसऱ्या वेळी तेवढीच बुजवावी लागते. दुसरी वेळ लागणं हे कुणाचं पाप नव्हे, पेशंटचं तर नाहीच.