लेझर मारणार कोण?

नमस्कार मंडळी. तेहेतीस वर्षं लक्ष्मी रोडच्या एका बोळात मी चष्मे विकले आणि आज चष्मा घालवण्यावर बोलायला उभा आहे. अध्यक्षांना म्हटलं होतं, हे म्हणजे न्हाव्यानं दाढी वाढवण्यावर प्रवचन देण्यासारखं झालं. ते म्हणाले, चालेल, मानधन नाहीच आहे. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘लेझरसाठी सर्जन कसा निवडावा’. येतो त्याच्यावर. आधी आमच्या घरातलं एक सांगतो.

माझ्या मुलीचा नंबर मायनस आठ. ती काउंटरवर बसली की गिऱ्हाइकाला वाटायचं, इथे काचा जाडच मिळतात. लग्न ठरलं, मुहूर्ताला अडीच महिने होते. एक दिवस म्हणाली, “बाबा, अंतरपाटाच्या पलीकडचा माणूस मला चष्म्याशिवाय दिसला पाहिजे.” यावर बाप काय बोलणार? गेलो एका केंद्रात. नाव सांगणार नाही, चहाच्या वेळीही विचारू नका.

मऊ सोफा, थंडगार एसी, कॉफी. एक चुणचुणीत मुलगी लॅमिनेट केलेला तक्ता घेऊन आली. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मी विचारलं, “डोळ्याचं चाललंय ना, का केटरिंगचं?” हसली बिचारी. ती डॉक्टर नव्हती, काउन्सेलर होती. मशीनचं नाव तिनं तीनदा सांगितलं, ते जर्मन आहे हे चारदा. मी म्हटलं, “बरं, चालवणार कोण?”

“आमची टीम आहे ना, काका.”

“टीम क्रिकेटची असते. डोळ्यावर हात कोणाचा?”

“ते त्या दिवशी कळतं, काका.”

त्या दिवशी! अहो, आपण आंब्याची पेटी घेताना गाव विचारतो, वरचा थर उचलून खालचा बघतो, एक फळ नाकाला लावतो आणि तरीही घरी येऊन म्हणतो, फसवलं. आणि इथे डोळा कोणाच्या हाती द्यायचा, ते त्या दिवशी कळणार.

पुढचं ऐका. मुलगी त्या सकाळीसुद्धा कॉन्टॅक्ट लेन्स घालून आली होती. तिथेच काढली आणि लगेच मापं घेतली. लेन्स कॉर्नियावर, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्यावर, बसून त्याचा आकार बदलते, म्हणून सॉफ्ट लेन्स असली तरी तपासणीआधी आठवडा-दोन आठवडे काढून ठेवतात, हार्ड असली तर त्याहून जास्त. हे मला, चष्मेवाल्याला, माहीत. तिथे कोणी विचारलंसुद्धा नाही. डॉक्टर चार मिनिटं भेटले. “फिट आहे, शनिवारी या.” आज पैसे भरले तर सूट. त्या सुटीनंच माझं डोकं फिरलं. पुणेकराला कोणी न मागता सूट दिली की तो आधी खिसा चाचपतो.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर तीन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. आत शिरताच ते म्हणाले, “लेन्स बंद करा, दोन आठवड्यांनी या.” दोन आठवड्यांनी स्वतः तपासलं आणि माझ्यासमोर कागदावर हिशेब मांडला. साधारण कॉर्निया 540 मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर. हिचा 480. लासिकमध्ये, म्हणजे लेझरनं नंबर घालवायच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत, वरची पापुद्र्यासारखी चकती उचलतात, तिचे 110 गेले. एका नंबरामागे साधारण 15 मायक्रॉन खरवडायचे, आठ नंबराचे 120. राहिले 250. खाली निदान तेवढे हवेतच असा जुना संकेत आहे आणि सावध सर्जन त्याहून जास्त धरतात. “शिवाय हिच्या टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या नकाशात, खालचा भाग जरा उभार दिसतोय. केरॅटोकोनसची सुरुवात असली, तर लेझरनंतर कॉर्निया शंकूसारखा पुढे येत जाईल. मी करणार नाही.” तपासणीची फी घेतली, संपलं.

मुलगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. चष्म्यातच बोहल्यावर उभी राहिली. अंतरपाट दूर झाला, तर जावईही चष्म्यातच. त्याची फ्रेम आमच्या दुकानातली नव्हती, एवढंच गालबोट. (हशा)

तर मंडळी, कोणाला परत पाठवायचं हे ज्याला कळतं तो सर्जन, असं माझं... हो, हो, चिठ्ठी मिळाली. सात मिनिटं? बरं. मग एकच सांगून मुद्द्यावर येतो. लासिकमध्ये वापरतात तो एक्झायमर लेझर, 193 नॅनोमीटरचा, मांस न जाळता कापतो हे कसं कळलं? 1981 साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत आपले मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन होते. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी टर्की पक्ष्याचं मांस उरलं, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी लेझरखाली ठेवलं. आपल्याकडे उरलेल्या पोळीची फोडणीची पोळी होते.

आता भराभर. डॉक्टर एमएस किंवा डीएनबी ऑप्थॅल्मॉलॉजी हवा, वर कॉर्निया-रिफ्रॅक्टिव्हची, म्हणजे नंबर घालवायच्या शस्त्रक्रियांची, फेलोशिप असेल तर उत्तम. नोंदणी क्रमांक मागा, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलकडे ताडून बघा. नंबर काढणारा ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे सर्जन नव्हे. पेंटाकॅम, म्हणजे कॉर्नियाचा स्कॅन, झाला का, डोळ्यातला कोरडेपणा तपासला का, रिपोर्ट वाचला कोणी? ज्यानं वाचला, त्यानंच शस्त्रक्रिया करावी. मला लासिकच का? पीआरके (चकती न उचलता वरून लेझर) का नाही, स्माइल (छोट्या चिरेतून लेझर) का नाही, आयसीएल (डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) का नाही? याचं उत्तर काउन्सेलरकडून नको, डॉक्टरकडून हवं. नंबर वर्षभर स्थिर नसेल किंवा वय अठराच्या आत असेल आणि तरी कोणी हो म्हणालं, तर उठा. रात्री डोळा दुखला तर फोन कोणाच्या खिशात वाजणार? नंबर थोडा परत आला तर पुन्हा पैसे पडणार का? आणि चाळिशी! लेझरनं दूरचा चष्मा गेला तरी पेपर वाचायला चाळिशी लागतेच, हे आधी सांगणारा...

झालं, झालं. दुसऱ्या रांगेतले काका केव्हाचे हात वर करून आहेत. विचारा. वय अडुसष्ट, लेझर करू का? काका, आधी मोतीबिंदू बघून घ्या. ती शस्त्रक्रिया होणार असेल, तर आत बसवायच्या लेन्सचा नंबरच असा निवडतात की दूरचा चष्मा बहुतेक सुटतो. पण तिथेही तेच विचारा, काका: लेन्स कुठली ते नंतर, आधी बसवणार कोण?